गाडी ओळखायला आलेल्या चांगुणामावशी

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी इंजिन चालू करायचं नाही, असा माझा नियम होता. नवा विद्यार्थी मोठ्या उमेदीनं यायचा. कुणी नवे बूट घालून, कुणी गॉगल लावून. मी त्याला उजवीकडे बसवायची, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकायची आणि म्हणायची, "आता डोळे मिटा आणि वायपरचं बटण शोधा." मग हॉर्न, मग हेडलाइट, मग हँडब्रेक. पुष्कळांना हा अपमान वाटायचा. एका बँकेतल्या साहेबांनी तर वामनरावांकडे तक्रारच केली की, बाई आंधळी कोशिंबीर खेळायला लावतात.

वामनराव म्हणजे स्कूलचे मालक. सरकारी बसवर जन्म काढून रिटायर झालेला माणूस. वाशीत दोन जुन्या गाड्या घेऊन त्यांनी स्कूल काढलं ते सत्तरचं दशक संपता संपता. त्या वेळी नवी मुंबईत रस्ते आधी झाले होते आणि माणसं मागाहून येत होती. रुंद, सरळ, काळेभोर रस्ते. दोन्ही बाजूंना अर्ध्या बांधलेल्या इमारती आणि मध्ये चरणाऱ्या म्हशी. गाडी शिकायला याहून चांगली जागा देशात नसेल. नव्या सेक्टरांत राहायला आलेल्या बायकांना शिकायचं होतं, पण पुरुष मास्तरांच्या शेजारी बसायला घरचे तयार नव्हते. म्हणून वामनरावांना एक बाई हवी होती आणि मला नोकरी.

गाडी मला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिकवली होती. आम्ही मराठवाड्यातले. अण्णा गाव सोडून इकडे आले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात साहेबांची गाडी चालवायला लागले. आम्ही तिघी बहिणी. लोक म्हणायचे, मुलगा नाही म्हणून मुलीला शिकवलं. खरं कारण साधं होतं. तिघींत माझेच पाय पेडलपर्यंत पोचत होते. कारखान्याच्या मागच्या मोकळ्या मैदानात रविवारी त्यांनी मला शिकवलं आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली. गाडीचे दिवे आपल्याला दिसावं म्हणून असतात, त्याहून जास्त आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून असतात. आजही मी संध्याकाळी जरा लवकरच दिवे लावते आणि शेजारी बसलेला कुणीतरी हटकून सांगतो की, अजून उजेड आहे.

माझं काम डावीकडच्या सीटवरून चालायचं. शिकवायच्या गाडीला डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. विद्यार्थी चुकला की माझा पाय पडायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मास्तरीणबाई मजेत फिरताहेत. प्रत्यक्षात डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर, डोळे आरशात आणि तोंडानं "छान, छान, घाबरू नका." रोज घरी गेले की पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. त्या सवयीमुळे मी कुठल्याही गाडीत कधी निवांत बसू शकले नाही. बसमध्येसुद्धा ड्रायव्हरनं ब्रेक दाबायच्या आधी माझा पाय पत्र्यावर दाबला जायचा.

तेव्हाच्या गाड्यांत आजच्यासारखं काही नव्हतं. कमरेला बांधायचे पट्टे नव्हते, हवेच्या पिशव्या नव्हत्या, थंडगार हवा नव्हती. वारा हवा असेल तर दारावरची छोटी तिकोनी काच फिरवायची. पावसाळ्यात समोरच्या काचेवर आतून वाफ धरली की तीच काच बोटभर उघडायची. सेफ्टी म्हणजे ब्रेक, टायर, आरसा, दिवे आणि आपलं डोकं. पण आहे ते तरी कशाला आहे, हे लोकांना ठाऊक नसायचं. एका सरकारी अधिकाऱ्यांच्या मिसेस चोकच्या खुंटीला पर्स अडकवायच्या. चोक म्हणजे थंड इंजिनाला सकाळी जास्तीचं पेट्रोल पाजणारा दट्ट्या. तो ओढलेला राहिला की गाडी काळा धूर सोडते, धापा टाकते, बंद पडते. त्यांच्या घरची गाडी सहा महिने मेकॅनिककडे ये-जा करत होती. मी पर्स मागच्या सीटवर ठेवायला सांगितली आणि त्यांच्या घरात माझं नाव झालं.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला आधी आठवल्या त्या चांगुणामावशी म्हात्रे.

न्हावा शेव्याचं बंदर उभं राहत होतं, तेव्हाची ही गोष्ट. दगड-मातीनं भरलेले डंपर हायवेवरून दिवसभर धावत असायचे. एका दुपारी वामनरावांच्या टेबलासमोर पन्नाशीच्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. ठेंगण्या, काटक, आगरी पद्धतीनं लुगडं नेसलेल्या, केसांत अबोलीची वेणी. वामनरावांना वाटलं, सुनेचं नाव घालायला आल्या असतील. त्यांनी मला हाक मारली. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बाय, मना गारी चालवाची नाय. मना गारी वलखाची हाय."

मला कळेना. गाडी ओळखायची म्हणजे काय? त्यांनी सांगितलं ते असं. त्या खाडीकाठच्या करावे गावच्या. भातशेती आणि मिठागर यांवर घर चाललेलं. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मिठागर बंद झालं. घरवाल्यांनी, म्हणजे काशिनाथभाऊंनी, एक जुनी गाडी घेतली आणि भाड्यानं चालवायला लागले. गावात दुसरी गाडी नव्हती. लग्न असो, बाळंतपण असो, कुणी झाडावरून पडलेलं असो, लोक त्यांचंच दार वाजवत. मावशी कायम शेजारी बसून जायच्या. मग शेजारी बसणाऱ्या बाईला गाडी कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं.

मी मनात म्हटलं, चला, नवीनच प्रकार. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. गाडी उभी आणि आम्ही दोघी आत.

ब्रेक, आरसा, वायपर हे त्यांनी भराभर ऐकून घेतलं. खरं लक्ष दिव्यांकडे. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे काय काय सांगतात, ते त्यांना हवं होतं. मी त्यांना डिपर दाखवला. त्या गाडीला तो डाव्या पायाशी, क्लचच्या बाजूला जमिनीवर होता, गोल बटणासारखा. एकदा दाबला की लांबवर जाणारा झोत खाली येतो, पुन्हा दाबला की वर जातो. समोरून कुणी येत असेल तर झोत खाली घ्यायचा, नाही तर त्याचे डोळे दिपतात आणि तो आपल्याच अंगावर येतो. वळायच्या आधी पिवळा दिवा लुकलुकतो. ब्रेक दाबला की मागे लाल दिवा मोठा होतो. समोर एकच दिवा दिसला तर मोटारसायकल समजू नका, एक दिवा गेलेला ट्रक समजा आणि बाजूला व्हा.

ट्रक बंद पडला की ड्रायव्हर मागे दगड रचतात, झाडाची फांदी टाकतात, पण दिवा लावत नाहीत. हे सांगितल्यावर त्या माझ्याकडे वळून बसल्या. मग विचारलं, ती फांदी किती लांबून दिसते? मी म्हटलं, आपल्या दिव्यांवर आणि आपल्या डोळ्यांवर आहे.

आठवडाभरात त्यांना माझ्याइतकं कळायला लागलं. मी गंमतीनं म्हटलं, आता तुमची ओळख झाली, फी वाया जातेय. तर म्हणाल्या, अजून थोडे दिवस येते.

संध्याकाळी काशिनाथभाऊ त्यांना न्यायला यायचे. उंच, ताठ माणूस. पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, बोलणं अगदी कमी. गाडी इतकी स्वच्छ की तिच्यात तोंड पाहावं. एक दिवस त्यांना उशीर झाला आणि दिवेलागणीची वेळ झाली. मलाही आमची गाडी हायवेवरच्या मेकॅनिककडे टाकायची होती. त्यांच्यामागून मी निघाले.

थोड्याच वेळात मला काहीतरी विचित्र वाटायला लागलं. मावशी सारख्या नवऱ्याकडे तोंड करून बोलत होत्या. त्या बोलल्या की गाडी किंचित डावीकडे व्हायची, पुन्हा बोलल्या की हळू व्हायची. समोरच्या गाड्या दिवे खालीवर करून सांगत होत्या, पण काशिनाथभाऊंचा झोत काही खाली येत नव्हता. पुढे एक डंपर बंद पडून उभा होता, मागे दगड रचलेले. मला ते लांबून दिसले. त्यांची गाडी मात्र सरळ दगडांवर चालली होती. अगदी जवळ गेल्यावर मावशींचा हात त्यांच्या दंडावर पडला आणि गाडी उजवीकडे हिसकली. मागून येणारी बस करकचून थांबली. मीही गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसल्या बसल्या त्यांना सरळ विचारलं. त्यांनी आधी पदर नीट केला, मग काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, "सांज झाली का त्यांना रस्ता दिसत नाय. मी सांगतंय, ते चालवतान."

असं वर्षभर चाललं होतं. दिवसा सगळं स्वच्छ दिसायचं. उजेड कमी झाला की रस्ता, कड, माणूस सगळं एक व्हायचं आणि समोरून दिवे आले की पांढरा पडदा. डॉक्टरांना दाखवलं होतं, चष्म्यानं जाणारं दुखणं नव्हतं. मिठागरात उभा जन्म उन्हातल्या पांढऱ्या मिठाकडे बघून डोळे गेले, असं काशिनाथभाऊ म्हणायचे. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. गावात कुणाला ठाऊक नव्हतं. सासरच्यांना नाही, सख्ख्या भावाला नाही. मावशी शेजारी बसतात म्हणून लोक त्यांची चेष्टा करायचे, की म्हातारपणी नवऱ्याला एकटं सोडवत नाही.

मी वामनरावांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. माझी अपेक्षा होती की ते म्हणतील, आपल्याला काय करायचंय. ते म्हणाले, "त्या बाईला चालवायला शिकव. आणि त्यांना मी भेटतो."

आम्ही दोघं करावे गावात गेलो. काशिनाथभाऊंनी पाहुण्यांना ओटीवर बसवलं, पाणी दिलं. वामनरावांनी आडवळणानं विषय काढला; बसवरच्या एका जोडीदाराची गोष्ट सांगितली, डोळे कमी झाल्यावर त्यानं डेपोतलं काम कसं मागून घेतलं ती. काशिनाथभाऊ काय ते समजले. बायकोकडे त्यांनी एकदा पाहिलं, रागानं नाही, पण मला ते बघवलं नाही. मग शांतपणे म्हणाले की, दिवसा मी चालवीनच, आणि संध्याकाळी कुणी आलं तर त्याला काय सांगू? "आजारी मानूस सकालपत्तुर थांबत नाय, बाई."

वामनरावांनी मावशींचं नाव काढलं. बायकोनं चालवावं, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. गाव हसेल, लोक तिच्या गाडीत बसणार नाहीत, आणि आपण काय मग घरात बसून जाळी विणायची? शेवटी एवढंच ठरलं की, शिकायला हरकत नाही. शिकली म्हणून चालवायलाच पाहिजे, असं थोडंच आहे.

मावशींची खरी शिकवणी आता सुरू झाली. त्या ठेंगण्या. उजवीकडे बसल्या तर पाय पेडलला पोचेनात, पोचले तर पुढचं दिसेना. आजकाल सीट वर होते, खाली होते, पुढे सरकते. आमच्या गाडीची पुढची सीट म्हणजे अख्खा बाक होता. तो पुढे ओढला तर माझे गुडघे डॅशबोर्डला लागायचे. त्यांनी घरून एक गोधडी आणली. दोन घड्या पाठीमागे, एक बुडाखाली. मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले आहे की, सीटवर नीट बसणं ही काही चैन नाही. पाठ अवघडली की पाय उशिरा पडतो.

पहिल्या दिवसापासून त्या चालवताना बोलायच्या. "सायकल हाय डावीकरं. पुढं म्हशी. पोर धावतंय. ट्रकवाला ब्रेक मारतंय." एका श्वासात. माझी शिस्त अशी की विद्यार्थ्यानं गप्प राहून रस्त्याकडे बघावं. मी दोन-तीनदा त्यांना थांबवलं. थांबल्या की त्यांची गाडी डगमगायची. बोलू दिलं की सुतासारखी सरळ. मग माझ्या ध्यानात आलं. वर्षभर त्या दुसऱ्यासाठी रस्ता बघत आणि सांगत आल्या होत्या. त्यांचे डोळे, तोंड आणि रस्ता एका दोरीत ओवलेले होते. आता फक्त हातपाय त्या दोरीत यायचे होते. मी म्हटलं, बोला मावशी, मोठ्यानं बोला.

पुढे मी ही रीत प्रत्येकाला लावली. गाडी चालवताना जे दिसतं ते मोठ्यानं सांगायचं. न सांगितलेली गोष्ट तुम्ही पाहिलेलीच नाही, असं मी धरून चालायची. लोक आधी लाजायचे, पण त्यांची नजर पंधरा दिवसांत सुधारायची. माझ्या हाताखालून गेलेले कितीतरी लोक आजही सिग्नलला पुटपुटत असतील. ती देणगी चांगुणामावशींची.

लायसन्सच्या टेस्टला इन्स्पेक्टर साहेब शेजारी बसले, मी आरटीओच्या बाकड्यावर वाट बघत. गाडी परत आली तेव्हा साहेब उतरताना हसत होते. म्हणाले, या बाईंनी मला रस्त्यावरचा एकेक कुत्रा मोजून दाखवला. मावशी पास झाल्या.

लायसन्स घरी गेलं आणि पापडाच्या डब्यात पडलं. काशिनाथभाऊंनी किल्ली काही दिली नाही. मावशी पुन्हा डावीकडे बसायला लागल्या. कधी बाजारात भेटल्या तर मी विचारायची, त्या मान हलवायच्या आणि मासळीचा भाव काढायच्या. मला राग यायचा. कुणाचा ते सांगता येत नव्हतं. रोज संध्याकाळी हायवेवरून जाताना पुढे एखादी गाडी झोत वर ठेवून चालली असली की माझा जीव खालीवर व्हायचा.

त्या उन्हाळ्यात काशिनाथभाऊंच्या धाकट्या भावाच्या, पांडूच्या, मुलीचं लग्न निघालं. पुढचं सगळं मी मावशी आणि काशिनाथभाऊ या दोघांच्याही तोंडून वेगवेगळं ऐकलं आहे आणि ते तंतोतंत जुळतं.

आगरी हळद म्हणजे गावजेवण. मांडवामागे चुलाणं पेटलेली, माणूसभर घेराची पातेली. सूर्य बुडाला होता. भाताचं पातेलं उतरवताना एकाचा हात सुटला आणि उकळती पेज मुलीच्या बापाच्या, पांडूच्या, पोटावर आणि मांड्यांवर पडली. वाजंत्री थांबली. कुणी पाणी ओतलं, कुणी ओलं धोतर गुंडाळलं, चौघांनी उचलून त्याला काशिनाथभाऊंच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. दवाखाना वाशीला.

काशिनाथभाऊ सवयीनं उजवीकडे बसले, मावशी सवयीनं डावीकडे. त्यांनी गाडी चालू केली, दिवे लावले. समोर मांडवाची झगमग, बल्बच्या माळा, आणि वाटेत सगळं वऱ्हाड उभं. त्यांना माणसं कुठं संपतात आणि अंधार कुठं सुरू होतो, तेच दिसेना. त्यांनी हॉर्न वाजवला. लोक हलले की नाही, तेही कळेना. लहान मुलं नेहमीच गाडीपुढे धावायची. मागून पांडू कण्हत होता.

त्यांनी गिअर टाकला. मग काढला. मग म्हणाले, "तू चालव."

मावशींना ऐकू आलं, पण त्या हलल्या नाहीत, कारण त्यांना खरं वाटलं नाही. काशिनाथभाऊ दार उघडून उतरले. पेटलेल्या दोन्ही दिव्यांच्या उजेडातून, सगळ्या गावाच्या देखत, बॉनेटला हात लावत लावत चालत डाव्या बाजूला आले आणि दार उघडून बायकोला म्हणाले, सरक. मावशी बाकावरून उजवीकडे सरकल्या. गोधडी नव्हती. पुढच्या सीटवर आहेराची लुगडी ठेवलेली होती, तीच त्यांनी पाठीमागे कोंबली.

वऱ्हाडातून कुणी हसलं नाही, असं काशिनाथभाऊ सांगायचे. हसायला कुणाला सुचलंच नाही.

वाशीपर्यंतचा रस्ता तेव्हा बराचसा काळोखाचा. डंपर येतच होते. मावशींनी पहिल्यापासून बोलायला सुरुवात केली. मोठा दिवा येतो, आपला खाली घेतला. कडेला बैलगाडी, दिवा नाही. फांदी टाकली आहे, उजवीकडून घेते. खड्डा, सावकाश. काशिनाथभाऊ हात मांडीवर ठेवून बसले होते. ऐकत होते. पांडूनं नंतर मावशींना सांगितलं, "वयनी, मी डोले मिटून तुजा आवाज आयकत होतो. आवाज चालू हाय तवर मी जिता हाय, असा वाटत होता."

पांडू वाचला. महिनाभर दवाखान्यात होता. लग्न त्यानं ठरल्या दिवशी करायला लावलं, आणि नवरा-नवरी मांडवातून उठून आधी त्याच्या खाटेपाशी आली. त्यांना घेऊन आलेली गाडी चांगुणामावशी चालवत होत्या.

लग्नानंतर काही दिवसांनी काशिनाथभाऊ आमच्या स्कूलमध्ये आले, एकटेच, भर दुपारी. हातात केळीच्या पानात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण. वामनराव जागेवर नव्हते. काशिनाथभाऊंनी पान टेबलावर ठेवलं आणि ते माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. मला वाटलं, आभार मानायला आलेत. तसं नव्हतं.

"तुमी डावे बाजूला बसतांव," ते म्हणाले, "आनि चालवतंय दुसरा. तसा कसा बसाचा, त्या मना शिकवा."

इतक्या वर्षांत माझ्याकडे हे शिकायला कुणी आलं नव्हतं. बायकोच्या हाताखाली बसायचं दुःख त्यांना नव्हतंच, असं नाही. पण त्यांची अडचण वेगळी होती. बायको चालवत असताना त्यांचे पाय आपोआप दाबले जात, हात स्टिअरिंगकडे जाई, तोंडातून शब्द निघून जाई आणि ती दचकायची. घाबरलेला ड्रायव्हर वाईट, हे त्यांना माहीत होतं.

मग आम्ही त्यांचीच गाडी घेऊन निघालो. दिवसाच. मावशी उजवीकडे, गोधडी पाठीला. काशिनाथभाऊ डावीकडे. मी मागे. बेलापूरवरून उरण फाट्याकडे जाणारा रस्ता, एका बाजूला खाडी. मी मागून सांगत होते. हात मांडीवर. पाय आखडून घ्या, पुढे ताणू नका. तिनं विचारल्याशिवाय रस्ता सांगायचा नाही. ती बोलते ते ऐकायचं. दिवसा तुम्हालाही दिसतंच आहे, तर मनात ताडून बघायचं. ती म्हणेल सायकल, तुम्ही मनात म्हणा, हो, सायकल. त्यांच्या वाट्याला मी एक कामही दिलं. रोज दिवेलागणीच्या आधी गाडीचा एकेक दिवा तपासायचा. ती आतून बटण दाबेल, त्यांनी बाहेर उभं राहून सांगायचं, लागला की नाही. काचा पुसायच्या, धूळ झाडायची. ड्रायव्हरनं एकट्यानं हे होत नाही, दोन माणसं लागतात. हे त्यांना पटलं. पुढे कितीतरी वर्षं गावातून जाणाऱ्यांना रोज ते दृश्य दिसायचं.

असं मी बोलत होते आणि मावशीही आपलं बोलत होत्या. "डंपर येतंय. पोरा कडेला हाय. वलन हाय, सावकास घेतंय." काशिनाथभाऊंचा हात एकदा उठला आणि परत मांडीवर गेला. तिकोनी काचेतून खाडीचा खारा वारा येत होता. गाडी एका लयीत चालली होती, कुठे हिसका नाही, कुठे धसका नाही. मी म्हणत होते की, आता पुढच्या वळणाला...

एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. इंजिन बंद होतं. मला आधी कळेना मी कुठे आहे. पाय समोर सैल पसरलेले, चपला कुठेतरी सीटखाली गेलेल्या, आणि डोक्याखाली मावशींची गोधडी. गाडी वडाच्या सावलीत होती, चारही काचा खाली केलेल्या. पुढच्या बाकावर ती दोघं अजिबात न हलता बसली होती.

मी खडबडून उठले आणि विचारलं, काय झालं, गाडी बंद पडली का?

"नाय गो," चांगुणामावशी हळू आवाजात म्हणाल्या. "तुना झोप लागली व्हती. कवापासून थांबलोय."